दिवाळीतला बॅकअप

"कोण शाल्मली?" संगणकातून दिगंबररावांचा आवाज आला आणि कुमुदच्या हातातला लेकीचा फोटो तसाच राहिला.

दिगंबरराव जाऊन चार वर्षं झाली होती. सगळ्यांच्या घरी असतं तसं त्यांचंही मन दोन जुळ्या डिस्कवर जपलं होतं. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. पण काल लेक अपघातात गेल्याचं ऐकलं आणि त्यांनी तिची प्रत्येक आठवण स्वतःच पुसून टाकली.

"दुसऱ्या डिस्कवर असेल ना?" तिने दुरुस्तीवाल्याला फोनवर विचारलं.

"नाही हो काकू. इकडे पुसलं की तिकडेही लगेच पुसलं जातं. वेगळा बॅकअप घेतला होता का?"

घेतला होता, दिवाळीत. कपाटात साड्यांखाली ठेवलेली ती डिस्क कुमुदने आणून जोडली. निदान रडायला तरी तिला सोबत हवी होती.

"शाल्मली आली का गं?" दिगंबररावांनी हौसेने विचारलं.

खरं सांगितलं की हे पुन्हा तिला पुसणार.

"यायचीय अजून," ती म्हणाली.

"मग दाराला कडी घालू नकोस. आली की आधी मला हाक मार."

कुमुद उठली आणि घातलेली कडी काढून आली.