पापा

बावन्न सालच्या वैशाखात, ठाण्याच्या मिठागरात मीठ ओढून ओढून महिपतचे ओठ उन्हाने भेगाळले. घरी येऊन तान्ह्या लेकीचा पापा घेतला, तर ते टोचून ती कळवळून रडली. दुसऱ्या दिवसापासून तो ओठांना तूप चोपडून, तोंडाला ओला पंचा बांधून कामाला निघाला. बायको शेवंती रोज पंचा भिजवून द्यायची. सोबती हसायचे, हा मात्र मिठाच्या पांढऱ्या राशींमधून ढगांतून चालल्यासारखा चालायचा.

पंधरवड्याने, दिवस कलताना, त्याने झोपलेल्या लेकीच्या गालावर अलगद ओठ टेकले. ती झोपेतच हसली.

"बघ, टोचलं नाही तिला!" तो बायकोला म्हणाला.

शेवंती बघतच राहिली. "पाच वर्षं झाली लग्नाला," ती हळूच म्हणाली, "मी पण रडायला हवं होतं."