रेशमाला काय म्हणतात

थेरपिस्ट बाईंनी मफलर बाबांच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "सर, हा कशाचा आहे? या कापडाला काय म्हणतात?"

बाबा मफलरकडे बघत राहिले. शेजारच्या खुर्चीत मुलीचा जीव टांगणीला लागला. झटका येऊन गेल्यापासून बाबांचे शब्द जागेवर राहिले नव्हते. चमच्याला ते किल्ली म्हणत, आणि किल्लीला काहीच म्हणत नसत. आजही पेला, कंगवा, घड्याळ सगळं दाखवून झालं होतं, आणि बाईंच्या कागदावर फुल्याच फुल्या पडल्या होत्या. भावाचं म्हणणं, की आता हे ओढत बसण्यात अर्थ नाही. त्याने एका संस्थेत खोलीसुद्धा बघून ठेवली होती. एक तरी शब्द बरोबर आला तर बाई उपचार पुढे चालू ठेवणार होत्या, आणि बाबा घरीच राहणार होते. नाहीतर त्यांची रवानगी त्या खोलीत.

म्हणून तिने पिशवीतून मफलर काढला होता. हा तिचा हुकमाचा एक्का. बाबांनी उभा जन्म शब्दांच्या मागे घालवला होता, आणि त्यातही रेशमावर त्यांचा फार जीव. तो विषय निघाला की ताटातलं जेवण गार व्हायचं. आपलं 'रेशीम' फारसीतून आलं. जुना शब्द कौशेय, कोशातून निघतं म्हणून. पण बाबांना खरी मौज वाटे ती 'चीनांशुक' या शब्दाची. त्या परक्या रेशमाचा किडा कुणी पाहिला नव्हता, कोश पाहिला नव्हता, चीनमधून आलं एवढं ठाऊक होतं, मग तेच नाव. तिकडे ग्रीकांनीही तेच केलं, बाबा घास हातात धरून सांगायचे. रेशीम ज्यांच्याकडून येई ते दूरचे लोक सेरेस, म्हणून त्यांचं कापड ते सेरिकॉन.

आई रेशमाचा धागा काढायच्या कारखान्यात कामाला होती. गरम पाण्यात कोश सोडवून सोडवून तिची बोटं कायम सुरकुतलेली असायची. लग्नाआधी तिने आपल्या पगारातून हा मफलर घेऊन बाबांना दिला होता. बाबांचं व्याख्यान सुरू झालं की ती भांडी आवरता आवरता म्हणायची, "मफलर दिला मी, आणि कौतुक चाललंय चिनी माणसांचं." मग बाबा हातातला घास मुकाट तोंडात घालायचे. आता आई जाऊनही बराच काळ लोटला होता.

बाबांनी मफलरवरून अंगठा फिरवला. ओठ हलले. नुसतं 'रे' तरी म्हणा बाबा, मुलगी मनातल्या मनात विनवत होती.

"ठकू," बाबा म्हणाले. अगदी स्पष्ट, न अडखळता.

बाईंनी मान खाली घालून फुली मारली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकू म्हणजे आई. घरातल्या घरात बाबा तिला याच नावाने चिडवायचे आणि ती लटकंच रागवायची. आई आठवतेय हे बरंच झालं, पण विचारलं काय आणि सांगताहेत काय. आता भावाला फोन करणं आलं. तिने मफलर परत घ्यायला हात पुढे केला.

बाबांनी तो सोडला नाही. वर्गात एखाद्याच्या डोक्यात उजेड पडत नसला की ते जसे थांबायचे, तसे थांबले. मग मफलर उंच धरून, सगळ्यांना नीट दिसेल असा, त्यांनी सावकाश पुन्हा सांगितलं, "ठकू."

मुलीचा हात तसाच राहिला. जेवणाचं टेबल, गार झालेली आमटी, आईचा टोमणा, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. रडू आवरत ती बाईंकडे वळली.

"ती फुली खोडा," ती म्हणाली. "हे रेशीम त्यांच्याकडे ठकूकडूनच आलं."