एकमत

सतरा वर्षांच्या टॅमसिनला पर्यावरणवादी पक्षाचं युवा प्रतिनिधीपद हवं होतं. व्हँकूवर बेटावर तिच्या घरामागे देवदाराचं जुनं रान होतं, ते तोडायचं कंत्राट निघालं होतं, आणि सुनावणीत पक्षातर्फे बोलायला पद लागत होतं. पण या पक्षात मतदान नसे. सगळ्यांचं एकमत व्हावं लागे. एकानेही छातीवर हात आडवे धरले की विषय पुढच्या महिन्यावर.

मे महिन्यात वेंडेल नावाच्या जुन्या सभासदाने हात आडवे धरले. "पोरी, अर्ज कागदावर लिहिलास? त्यासाठी एखादं झाड गेलं असेल!"

जूनमध्ये टॅमसिनने अर्ज फोनवरून पाठवला. मग बैठकीतल्या बिस्किटांत लोणी निघालं, आणि ती गाईंवर अन्याय करणारी बिस्किटं कुणी आणली यावरच तीन तास गेले.

"अहो, लाकूडतोडे काही एकमतासाठी थांबलेले नाहीत!" टॅमसिन ओरडली.

"अगं, घाई हाच तर त्यांचा रोग आहे," अध्यक्ष मार्गोबाई समजुतीने म्हणाल्या. टाळ्यांचा गोंगाट नको म्हणून सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली.

ऑक्टोबरात एकदाचं एकमत झालं. मार्गोबाईंनी टॅमसिनला मिठी मारली.

"आता लगेच कामाला लाग बरं का!" त्या म्हणाल्या.

"तुझ्या घरामागे इतकी मोकळी जागा झालीय, तिथेच रोपं लावू. फोटो छान येतील."