उतारावरचं शेवाळ

सुलक्षणा रिक्षातून उतरली, तर सोसायटीची अख्खी कमिटी गेटाजवळच्या उतारावर उकिडवी बसून शेवाळ घासत होती.

सेक्रेटरी विद्याधरसुद्धा. एका सहीसाठी लोकांना रविवारपर्यंत ताटकळत ठेवणारा माणूस, आज बुधवारी ऑफिस बुडवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तारेचा ब्रश चालवत होता. ब्लीचिंग पावडरीच्या वासाने डोळे चुरचुरत होते.

दोन पावसाळे सुलक्षणा हेच सांगत होती. "मीटिंगमध्ये घेऊ," एवढंच उत्तर. परवा तिचा नवरा, सहदेव, दूध घेऊन येताना इथेच घसरला. डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. तेव्हापासून तो आयसीयूत, डोळे मिटून.

"आता सुचलं होय?" तिने विचारलं.

विद्याधरने मान वर केली नाही. "चुकलंच आमचं, वहिनी."

इतक्या स्वस्तात कबुली? आणि ह्याच्याकडून? पोलिसांची भीती, दुसरं काय, तिने ताडलं. चांगलं झापायला हवं होतं, पण आज तेवढा जीव नव्हता. सकाळच्या स्कॅननंतर डॉक्टर काय ते सांगणार होते. तिला तिथेच थांबायचं होतं. दीर राजेशने बळेच घरी पाठवलं. "वहिनी, अंघोळ करा, पोटभर खा, मगच या."

शेजारची मालन जिन्यातच उपम्याची ताटली घेऊन उभी.

"आधी दोन घास खा गं."

"घशाखाली उतरत नाही, मालन."

"खा म्हणते ना!" मालन ओरडली, आणि लगेच तोंड फिरवलं.

तेवढ्यात राजेशचा फोन. "वहिनी, खाल्लं का?"

"स्कॅनचं काय झालं?"

"डॉक्टर राउंडला आहेत. तुम्ही खाऊन घ्या आधी."

रिक्षात होती तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं. सुलक्षणाने मालनची ताटली बाजूला सारली आणि तशीच खाली उतरली. आता हॉस्पिटल, दुसरं काही नाही.

उतारावर सगळ्यांत म्हातारे धाकूकाका तिच्याकडे पाठ करून पाइपाने पाणी मारत होते. कानाने जरा कमी. समोरून विद्याधर त्यांना डोळ्यांनी गप्प करू पाहत होता. काकांना वाटलं, हा कामचुकारपणा.

"माझ्याकडे काय बघतंस? नीट घास!" ते खेकसले. "खांदो देताना एकाचो पाय सरकलो, तर सहदेवाक घेऊन चौघय खाली येतले."