ओटीचं ताट

निवेदिकेनं विंगेत येऊन वृंदाच्या हातात चिठ्ठी आणि पेन दिलं. "यजमानांचं नाव लिहा. आमच्याकडे सत्कार जोडीनं होतो."

प्रकाशयोजनेचं पारितोषिक पहिल्यांदाच एका बाईला मिळत होतं. आधीच्या विजेत्यांच्या बायकांची रंगमंचावर ओटी भरून झाली होती. पहिल्या रांगेत एक बडे निर्माते बसले होते. त्यांच्या नव्या नाटकाचं काम वृंदाला द्यायचं की नाही, ते उद्या ठरवणार होते. सातव्या रांगेत रोहिणी होती. अकरा वर्षांचा संसार, पण चारचौघांत ओळख मैत्रीण म्हणूनच.

वृंदानं एका दमात नाव लिहिलं. निवेदिकेनं चिठ्ठी वाचली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि माइक उचलला. "वृंदा, आणि त्यांच्या जोडीदार रोहिणी."

शर्ट-पँट घातलेली रोहिणी पायऱ्या चढून वर आली. संस्थेच्या अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आई ओटीचं ताट धरून तिला नखशिखांत न्याहाळत राहिल्या.

"पदर नाही होय तुला?" आजी अखेर म्हणाल्या. "मग शर्टाचं टोक घट्ट धर. नारळ मोठा आहे."