श्रवणचाचणी

"आवाज आला की बोट वर करायचं, आई," मी सासूबाईंना हेडफोन लावत म्हणाले. त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना माझ्या क्लिनिकमध्ये आणलं होतं.

अगदी बारीक सुरालाही त्यांचं बोट वर गेलं. ऐंशीव्या वर्षी असं होत नाही. मग लक्षात आलं, चाचणीच्या खोलीच्या काचेतून त्या माझा बटणावरचा हात बघत होत्या. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि आवाज वाढवत नेला. बोट मांडीवरच राहिलं.

"कधीपासून?" मी समोर बसून विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखला. "तू कॉलेजला जायचीस ना, तेव्हापासूनच."

"आणि शर्वरी? तान्ही होती, दिवसभर तुमच्यापाशी असायची!"

"पाळण्याची दोरी मनगटाला बांधायचे. रडताना पाय झाडायची ती. दोरी हलली की कळायचं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तिला सोडून शिकायला गेली असतीस?"

अठरा वर्षं मी लोकांचे कान तपासते आहे. घरी त्यांनी एखादी गोष्ट दोनदा विचारली, की मी म्हणायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

फॉर्मवर ‘त्रास कधीपासून’ असा रकाना होता. कॉलेजची चार आणि नंतरची अठरा धरून मी ‘बावीस वर्षं’ लिहिलं. त्यांनी माझा हात धरला.

"यंदापासून लिही गं. इथल्या मुली वाचतील. घरच्या सासूचंच हिला कळलं नाही, म्हणतील."

मी बावीस खोडलं आणि ‘यंदापासून’ लिहिलं.