दुमडीतलं कापड

केराबाईनं सकाळीच कात्रीला धार लावून घेतली होती. सोलापुरातल्या एका शाळेत सत्तावीस जानेवारीला ज्यूंच्या नरसंहाराचा स्मृतिदिन पाळायचा होता. त्या दिवशीच्या नाटकात नाझी छावणीतले कैदी होणाऱ्या मुलांचे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे तिच्याकडे शिवायला होते. इतिहासाच्या शिवलीला मॅडम सदरे न्यायला आल्या आणि त्यांनी बाही उलटून पाहिली. “मावशी, दुमडीत एवढं कापड कशाला?” “पोरं वाढत्यात की. पुढच्या सालीबी व्हतील.” “छावणीच्या फोटोत तसं नाही. जादाचं कापून टाका.” केराबाईनं सदरा हातात घेऊन कात्री उचलली. “तिथल्या पोरांच्या आया ठेवत नव्हत्या व्हय?” मॅडम म्हणाल्या, “ठेवत असतील. पण तिथली बहुतेक मुलं वाढलीच नाहीत. ज्यू म्हणून मारलं त्यांना.” केराबाईनं हातातल्या सदऱ्याकडं पाहिलं. तो तिच्या नातीचा होता. तिनं दुमड होती तशी घातली, कात्री खणात ठेवली. “न्हाय जमायचं, मॅडम,” ती म्हणाली. “कात्रीला धारच न्हाय.”